पोर मंद, की तुमची फूटपट्टी खोटी?

"यांच्या डोक्यात काही शिरतच नाही हो!" वारली, कोकणा, धोडिया पोरांच्या शाळेत अर्धा दिवस काढा, हे वाक्य कानावर पडल्यावाचून राहणार नाही. म्हणणारे दुष्ट नसतात. पगारापुरते काम करणारी, बदलीची वाट पाहणारी, घरी आपल्या पोराला शिकवणी लावणारी ती साधी माणसे असतात, आणि म्हणूनच हे वाक्य अधिक घातकी आहे. शिवी असती तर कोणी भांडला तरी असता. हे निदान समजले जाते, आणि निदानाशी कोण भांडतो? पोर चौथीत वाचत नाही, सहावीत भागाकार करत नाही, आठवीत शाळेतच येत नाही, आणि गुन्हेगार ठरते ते पोराचे डोके! शाळा निर्दोष, पाठ्यपुस्तक निर्दोष, सरकार निर्दोष. विद्यापीठांना तर या खटल्यात कोणी साक्षीलाही बोलावत नाही. आम्ही आज त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार आहोत.

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वाशात विद्येची वाण आहे, असे म्हणायची आता सोय उरलेली नाही. डोकमर्डीला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शासकीय महाविद्यालय आहे, त्याची पदवी सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाची. सायलीला नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आहे. २५ एप्रिल २०२३ रोजी खुद्द पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. 'संशोधन' हा शब्द तिच्या पाटीवरच आहे. त्याच सायलीतल्या एस. एस. आर. महाविद्यालयाचा धागा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जुळलेला. गावात विनोबांच्या नावाचे सिव्हिल हॉस्पिटल. दादरा-नगर हवेली म्हणजे ४९१ चौरस किलोमीटरचा टीचभर मुलूख, २०११ च्या जनगणनेत ३,४३,७०९ माणसे, त्यांतली निम्म्याहून अधिक आदिवासी. एवढ्याशा जागेत सुरत आणि पुणे अशा दोन विद्यापीठांचे हात पोचले आहेत. तरी दुधनी-मांदोनी या गावांकडचे पोर कसे लक्ष देते, काय लक्षात ठेवते, कोणत्या भाषेत विचार करते, पोटात अन्न नसताना त्याच्या मेंदूचे काय होते, याचा वर्षानुवर्षे चालणारा, पाड्यावर बसून केलेला, पाड्याला वाचून दाखवलेला अभ्यास कुठे आहे? असेल तर मांडा टेबलावर. आम्ही पहिल्या पानावर छापू.

नाही म्हणाल, तर मग सांगा की 'मंद' हा शिक्का कोणत्या अधिकाराने मारला जातो?

ती फूटपट्टी आली कुठून, हे एकदा पाहून घेऊ. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थेओडोर सिमाँ यांनी पहिली बुद्धिचाचणी रचली. शाळेत मागे पडणारी मुले हुडकावीत आणि त्यांना जादा मदत द्यावी, एवढाच तिचा हेतू. बुद्धी जन्मतःच ठरते, तिच्यात भर पडत नाही, असे म्हणणाऱ्यांवर बिने स्वतः तुटून पडला होता. पण चाचणी अमेरिकेत गेली आणि मदतीची यादी करणारे हत्यार हाकलून देण्याची यादी करू लागले. हेन्री गॉडर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या, दमलेल्या, भाषा न कळणाऱ्या स्थलांतरितांना ती लावली आणि १९१७ मध्ये निकाल छापला. तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन माणसांपैकी दर पाचांत सुमारे चार मंदबुद्धी! अशाच स्थलांतरितांच्या पोरानातवांनी पुढे अमेरिकेच्या दारात नोबेलांची रांग लावली, तेव्हा गॉडर्डच्या आकड्यांची आठवण कोणी काढली नाही.

आपल्याकडे चाचण्यांचे हे काम निष्ठेने करणारी माणसे झाली, आणि त्यांनी ते आपल्याच मुलखात केले. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांवर पारखून घेतली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक काढले. पुढे १९६० च्या दशकात नागपूरला आर्थर मालिन यांनी वेक्स्लरच्या बुद्धिचाचणीला भारतीय रूप दिले. त्या काळात, त्या साधनांत, हे डोंगराएवढे काम होते आणि त्याला आमचा नमस्कार आहे. नमस्कार नाही तो पुढच्या पिढ्यांच्या आळसाला. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देताना आजही याच चाचण्यांच्या पेट्या उघडल्या जातात आणि गुणांक ७० च्या खाली गेला की पोराच्या नावापुढे सरकारी शिक्का बसतो. धारवाडच्या आणि नागपूरच्या मुलांच्या अंगावरून घेतलेल्या मापाने सदरा शिवायचा आणि तो सिल्वाशाकडच्या खानवेलच्या पोराला बसला नाही की पोराचे अंगच वाकडे म्हणायचे, हा कुठला न्याय? त्यातही दुहेरी खोट आहे. मापे जुनी झाली की गुणांक फुगतात, परक्या भाषेत चाचणी घेतली की तेच गुणांक पडतात. दोन चुका एकमेकींना छेदून उरलेला आकडा म्हणे या पोराची बुद्धी!

भाषा नको, लाकडी ठोकळे द्या, असे कोणी शहाणा म्हणेल. देऊन पाहू. सेग्विनची पाटी म्हणून एक साधन आहे. लाकडी फळीत दहा आकारांच्या खाचा, बाहेर काढलेले दहा ठोकळे, आणि चाचणी घेणाऱ्या बाईंच्या हातात स्टॉपवॉच. ठोकळे लवकरात लवकर खाचांत बसवायचे, एवढाच खेळ. जे पोर घरी प्लास्टिकच्या अशाच खेळण्यांशी खेळले आहे त्याचा हात धावत सुटतो. पाड्यावरचे पोर पहिला ठोकळा उचलते, खाचेवर धरते, आणि बाईंच्या तोंडाकडे पाहते. बसवू? चुकलो तर? दवाखान्यासारखा वास येणाऱ्या खोलीत, अनोळखी माणसापुढे, दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय हाताळू नये, हे त्याला घरी शिकवलेले असते. त्या नजरेत दोन-तीन सेकंद जातात. दहा ठोकळ्यांना मिळून किती गेले, याचा हिशेब घड्याळाकडे असतो. ते संस्कारात गेले की मंदपणात गेले, हे घड्याळाला कळत नाही. कळायला हवे होते ते बाईंना, आणि ते बाईंना शिकवायला हवे होते विद्यापीठाने.

बरे, शाळेबाहेरची बुद्धी मोजता येत नाही म्हणावे, तर तेही खोटे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून उभे आहे. त्याचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी विज्ञानाच्या पाठांची नुसती भाषा सोपी करून दाखवली आणि गरीब वस्तीतल्या मुलांना तेच विज्ञान कळू लागले. अडत होते ते वाक्य. डोके अडलेलेच नव्हते. महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांना हाताशी धरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच सिद्ध केले. पुढे याच केंद्रातल्या के. सुब्रमण्यम आणि अरिंदम बोस यांनी धारावीत पाहिले, तर घरच्या धंद्यात हातभार लावणारी दहा-बारा वर्षांची पोरे माप, मोड, नफा, प्रमाण सगळे तोंडी करत होती आणि वहीवर तेच गणित आले की घोटाळत होती. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासारख्या नोबेल विजेत्यांनी सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष हाच. गिऱ्हाइकाचा हिशेब चोख, वहीतला कच्चा. आणि उलटही खरे निघाले: शाळेत हुशार ठरलेल्या पोरांना बाजारातला हिशेब जमेना! त्यांना मात्र कोणी मंद म्हटले नाही. शहरी बापाचे पोर बाजारात गांगरले तर ते निरागस. आदिवासीचे पोर वर्गात गांगरले तर त्याच्या डोक्यात कांदेबटाटे.

बुद्धी रक्तात असते, जातीत असते, वंशात असते, हा या सगळ्यामागचा जुना रोग आहे, आणि त्यावरचा जालीम उतारा एका मराठी बाईनेच काढलेला आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे गुरू होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींनी ज्यांना डोक्यावर घेतले तेच हे गृहस्थ. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची उजवी बाजू पुढून मोठी असते, कारण तिथे तर्कबुद्धी राहते, असे त्यांचे गृहीतक. शिष्येने ते सिद्ध करून द्यावे, ही अपेक्षा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या हातात घेऊन मोजल्या आणि लिहून टाकले की कवटीच्या या असमानतेचा वंशाशी काही संबंध नाही. परदेश, परकी भाषा, पदवी गुरूच्या हातात, आणि निकाल गुरूच्या विरुद्ध! फिशर यांनी हात आखडून गुण दिले. बाईंनी ते घेतले, पुण्याला आल्या आणि आयुष्यभर गावोगाव, रानोमाळ हिंडून माणसे अभ्यासली. आज वातानुकूलित सभागृहात 'राष्ट्रीय परिसंवाद' भरवून प्रमाणपत्रे वाटणाऱ्या आमच्या प्राध्यापकांपैकी किती जण प्रमुखाच्या मताविरुद्ध एक आकडा छापतील?

पुण्याजवळच्या सहा गावांतली गोष्ट सांगतो, म्हणजे काम कशाला म्हणतात ते कळेल. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांच्या आहाराचा अभ्यास हाती घेतला. आया काय खातात, त्यांच्या रक्तात काय आहे, हे नोंदवले. मुले जन्मली, वाढली, आणि अभ्यास करणारे त्यांच्यामागे वर्षानुवर्षे राहिले. ती मुले नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांतल्या काहींची स्मृती आणि लक्ष तपासले. आकडे ऐकवायचे आणि उलट क्रमाने म्हणायला सांगायचे: चार, सात, दोन; म्हण पाहू, दोन, सात, चार. कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेघेने जोडायला लावायचे. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गरोदरपणी आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते अशी मुले या दोन्ही कामांत मागे पडली होती. पोर वर्गात 'लक्ष देत नाही' म्हणून बाई ज्याला ओणवे उभे करतात, त्याच्या गुन्ह्याची सुरुवात त्याच्या जन्माआधीच, आईच्या ताटात झालेली असू शकते!

तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यासही इथे आठवतो. २०१३ मध्ये आनंदी मणी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तोच शेतकरी ऊसतोडीआधी, कडकीच्या दिवसांत, बुद्धीच्या कोड्यांत कमी गुण मिळवतो आणि हातात पैसा आल्यावर अधिक. डोके तेच होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य उंदरांच्या पिलांना आईपासून रोज काही काळ तोडून मेंदूवर त्याचे काय ओरखडे उमटतात ते शोधत आल्या आहेत. त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, इन्फोसिस पुरस्कार मिळाला. ज्ञान आपल्या घरात आहे. मानखुर्दहून सिल्वासा आगगाडी आणि रिक्षा धरून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. तरी ते ज्ञान पोचत नाही.

मग सिल्वाशात पोचते काय? आमच्या मध्यमवर्गाने त्याचीही सोय करून ठेवली आहे. मराठी काय आणि गुजराती काय, शहरी आईबापांना आज बोटांचे ठसे घेऊन मेंदूचे कप्पे सांगणाऱ्या 'डीएमआयटी'चे वेड लागले आहे. पोराचा अंगठा यंत्रावर ठेवला की तो इंजिनिअर होणार की गवई, हे म्हणे रंगीत अहवालात येते! भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेने या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही असे जाहीर सांगितले. कोण ऐकतो? डोळ्यांवर पट्टी बांधून पोरे पुस्तक वाचतात, 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन' होते म्हणे, आणि पट्टीच्या फटीतून नाकाच्या कडेने दिसते हे सांगणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना नास्तिक ठरवून हेच आईबाप मोकळे होतात. पाड्यावरचा भगत फेफऱ्याच्या रोग्याला भूत लागले म्हणतो तेव्हा याच वर्गाला केवढे हसू येते! अहो, भगताच्या जवळ दुसरे काही नव्हते. तुमच्याजवळ पदव्या होत्या, पैसा होता, इंटरनेट होते, आणि तुम्ही अंगठ्याच्या रेघांना डोके विकून आलात. दोघांत अडाणी कोण?

फेफऱ्याचे नाव निघालेच आहे तर सांगून टाकतो. त्यावर गोळ्या आहेत, स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मिळायलाच हव्यात. भगताशी वैर धरून त्या पाड्यावर जाणार नाहीत. भगताला बरोबर घेऊन जातील. ज्याला हे वाक्य खटकेल त्याने एक पावसाळा खानवेलपुढे काढून मग आमच्याशी वाद घालावा.

सरकारचे काय? २०१५-१६ मध्ये बंगळूरुच्या निम्हान्सने पहिले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्ये निवडली. त्यांत महाराष्ट्र नव्हता आणि केंद्रशासित प्रदेश तर एकही नव्हता. म्हणजे देशाच्या मनाचा पहिला नकाशा निघाला तेव्हा सिल्वासा त्यावर कोरा, आणि ज्या पुण्या-मुंबईने त्याच्याकडे पाहायचे तेही कोरेच. २०१५ मध्येच राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनदोष ओळखण्याची 'डाली' नावाची चाचणी हिंदी, मराठी, कानडी आणि इंग्रजीत आणली. वाचनदोष मातृभाषेतच तपासावा लागतो, हे त्या कामाचे मूळ तत्त्व. वारली पोराची मातृभाषा त्या चौघांत बसत नाही. मग शाळेत वाचता न येणारे वारली पोर वाचनदोषाचे आहे, की मराठी-गुजरातीच्या अनोळखी पुस्तकाशी झुंजणारे आहे, हे ठरवायचे कशावरून? ठरवतच नाहीत. मागच्या बाकावर बसवतात.

मराठी वाचकाला आणखी एक टोचायचे आहे. २ ऑगस्ट १९५४ ला हा मुलूख पोर्तुगिजांच्या हातून सुटला तेव्हा महाराष्ट्रातून स्वयंसेवक आले होते. सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. दरवर्षी त्या आठवणींचे हार चढतात. पण पोर्तुगिजांची सत्ता हलवणाऱ्या महाराष्ट्राला नंतरच्या सत्तर वर्षांत इथल्या पोराच्या भाषेत एक चाचणी रचायला सवड झाली नाही! आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी काढली, तिच्या मानसशास्त्र संस्थेत प्रज्ञावान मुले हेरण्यासाठी मराठीत चाचण्या रचल्या गेल्या. मन लावले तर जमते, याचा तो पुरावाच आहे. आमचे म्हणणे एवढेच की प्रज्ञा सदाशिव पेठेपुरती जन्म घेत नाही. सावकार-जमीनदार ज्या वारल्यांना बिनडोक म्हणून वेठीला धरत, ते १९४५ मध्ये झरीच्या परिषदेला हजारोंनी जमले आणि वेठ झुगारून उठले. त्या बंडाला लागणारी आखणी, निरोपांची स्मृती, धीर, कुठल्या चाचणीत बसतो ते मानसशास्त्राच्या पीठांनी सांगावे.

जगभरच्या मानसशास्त्राची दशा तरी काय वेगळी आहे? २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. या शास्त्राच्या प्रयोगांत बसलेली शंभरातली शहाण्णव माणसे पाश्चात्त्य, औद्योगिक देशांतली होती, आणि त्या देशांत जगाची लोकसंख्या शंभरात बारा. शंभरातल्या बारांवरून सगळ्या मानवजातीचे मन ठरवले गेले. रमेश चंद्र मिश्र आणि पिअर दासेन यांनी वाराणसी, नेपाळ, बाली इथल्या मुलांत पाहिले की ती जागा सांगताना 'माझ्या उजवीकडे' न म्हणता दिशांच्या आधाराने विचार करतात, आणि त्यात कमीपणा नसून एक वेगळे कसब असते. तसे कसब इथल्या दमणगंगेच्या काठावर नसेल कशावरून? बघणारा आल्याखेरीज कळणार नाही.

पण बघणारा कसा यावा, यावर आमची अट आहे. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा या भागांत आदिवासी मुलींना लस टोचण्याचा एक प्रकल्प झाला, आणि खम्ममला कित्येक मुलींच्या संमतीवर सही होती वसतिगृहाच्या वॉर्डनची! संसदीय समितीने त्यावर २०१३ मध्ये कोरडे ओढले. तसले संशोधन इथे पाऊल टाकणार असेल तर पाड्यावरच्या माणसांनो, त्याला वेशीवरच अडवा, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. रक्त घ्यायचे, डोक्याला तारा लावायच्या, मुंबईला जाऊन शोधनिबंध छापायचा आणि आईला पोराचे हिमोग्लोबिनसुद्धा सांगायचे नाही, ही लूट आहे. तिला शास्त्र म्हणू नका.

काम करणारे हात डोकमर्डीतच आहेत. शासकीय महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली वारली, कोकणा, धोडिया मुलेमुली पाड्याची बोली आईच्या कुशीत शिकून आली आहेत. जे काम पुण्याचा पीएचडीवाला दुभाष्या घेऊनही अर्धेमुर्धे करील, ते यांना सहज येईल. त्यांना आकडेशास्त्र शिकवा, चाचणी घेण्याची रीत शिकवा, मानधन द्या, आणि निबंधावर त्यांचे नाव शेवटी नको, पुढे छापा. सायलीच्या वैद्यकीय संस्थेने गरोदर बायांचे ब-१२, लोह, मुलांच्या रक्तातले शिसे तपासायला घ्यावे. कारखान्यांच्या या पट्ट्यात शिशाची चौकशी करायला कुणाची परवानगी लागू नये. सुरत आणि पुणे या दोन विद्यापीठांनी चाचण्यांची नवी मापे इथल्या मुलांवरून, इथल्या बोलीत बांधावीत. ती बांधून होईपर्यंत केवळ जुन्या पेटीतल्या गुणांकावर एकाही आदिवासी पोराला प्रमाणपत्र देऊ नये, एकालाही मागच्या बाकावर धाडू नये. ज्याला खरोखर अक्षमता आहे त्याची मदत मात्र एक दिवसही थांबता कामा नये. त्यासाठी पोर घरी काय काय करते, ते त्याच्या आईला विचारून लिहिले तरी पुष्कळ समजते.

पैसा नाही हे कारण आम्ही ऐकणार नाही. स्वागत-कमानींना पैसा असतो. येत्या जूनमध्ये पहिलीत बसणाऱ्या पोरांपासून नोंद सुरू होऊ शकते. ती आठवीत जाईपर्यंत दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू बदललेले असतील, सायलीचे अधिष्ठातेही बदललेले असतील. म्हणून हा प्रकल्प कोणा साहेबाच्या नावावर नको, खात्याच्या नावावर, मंजूर पदांसह, अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळ घालून उभा करा, आणि दरवर्षीचा अहवाल दुधनीच्या ग्रामसभेत तिथल्या बोलीत वाचा.